एकशे छत्तीस थर

शेंदराचा थर समोरच्या बाजूला एकतीस मिलिमीटर जाड होता आणि पाठीमागे नऊ. समोर बसणाऱ्याच्या उजव्या हाताकडे तो डाव्या बाजूपेक्षा अडीच मिलिमीटरनं जास्त भरला होता. म्हणजे थर देणारा माणूस समोर मांडी घालून बसतो, उजव्या हातानं लावतो आणि पाठीमागे हात पोचेल तेवढंच पुसून घेतो. डॉ. उज्ज्वला गुरव हिनं हे आकडे वहीत उतरवले. त्यांत तिला नवीन काही नव्हतं. समोर बसून थर देणारा माणूस तिचा बाप होता, आणि त्याच्याआधी तिचा आजा.

दगड होता गोटेबोडीचा गोटेदेव. चंद्रपूर जिल्ह्यात, बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या काठी, मोहाच्या झाडाखालच्या ओट्यावर तो बसलेला असे. शेंदराच्या आतला गोटा सोललेल्या नारळाएवढा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लांब मानेच्या एका डायनोसॉरनं वाळूत घातलेलं ते अंडं आहे, हे २०४१ साली गावातल्या शाळेच्या पोरांनाही पाठ होतं. आसपासच्या वावरांत अशा अंड्यांची टरफलं नांगराला लागत, पण ती सगळी फुटकी. सबंध राहिलेलं एकच, आणि ते देव होऊन बसलेलं.

देवाला गावाबाहेर न्यायला गावानं दोन वर्षं नकार दिला. शेवटी हो म्हटलं, कारण मागायला आलेली लहानूजी गुरवाची पोर होती, आणि तिनं ओट्याच्या पायरीखाली उभं राहून सगळ्यांसमोर शब्द दिला होता की देवाला नखही लागणार नाही, शेंदराची कपची उडणार नाही. बाईनं देवाला शिवायचं नाही, म्हणून अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी दगड गाडीत ठेवला तो तिच्या बापानं; पुढच्या अमावास्येला तो परत यायचा होता. नागपूरच्या बाहेर, काटोल रस्त्यावरच्या संशोधन केंद्रात पोचल्यावर तो फिरत्या तबकावर ठेवला यांत्रिक हातानं. उज्ज्वलानं त्याला कधीच हात लावलेला नव्हता.

नख न लावता आत बघायचं तर एरवी क्ष-किरण पुरतात. पण शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड, आणि शिसं ही क्ष-किरणांना भिंत असते. दवाखान्यातला एक्स-रे काढणारा शिशाचा ॲप्रन घालतो तो त्यासाठीच. गोटेदेव स्वतःच असा ॲप्रन घालून बसला होता. न्यूट्रॉनची गोष्ट उलटी आहे. त्याच्यावर विद्युतभार नसल्यामुळे अणूभोवतीच्या इलेक्ट्रॉनांशी त्याला देणंघेणं नसतं, तो थेट केंद्रकाला जाऊन भिडतो. शिशाच्या जड केंद्रकांमधून तो सहज पार होतो आणि हायड्रोजनसारख्या हलक्या केंद्रकाशी मात्र अडखळतो. पूर्वी न्यूट्रॉनसाठी अणुभट्टीच्या दारात रांग लावावी लागे. आता एसटीच्या बसएवढं एक यंत्र पुरत होतं, आणि त्याच्या पडद्याला केसाच्या दहाव्या हिश्शाएवढं बारीक दिसत होतं. शेंदरातल्या तेलात हायड्रोजन भरपूर, त्यामुळे त्रास झाला. एका दिवसाचं काम तीन दिवस चाललं.

तिसऱ्या दिवशी दुपारी फरीदा शेखनं पडद्यावरून मान न हलवता हाक मारली. फरीदा केंद्रातली भौतिकशास्त्रज्ञ. दोघींनी बारा वर्षं एकाच खोलीत काढली होती.

"उज्ज्वला, इकडे ये. आणि येताना पेढे सांगून ये."

टरफलाच्या आत, एका अंगाला, काडेपेटीएवढ्या जागेत पिल्लू होतं. मणके तांदळाच्या दाण्याएवढे, एका ओळीत. कवटी वाकून पोटाशी आलेली.

"साडेसहा कोटी वर्षं झोपलंय," फरीदा म्हणाली, "आणि तुझ्या गावानं वरून रजया घातल्यात. उठवू नका म्हणून."

उज्ज्वला हसली. बऱ्याच वर्षांत तिला कामाचा असा आनंद झाला नव्हता. तो दोन दिवस टिकला.

चित्रातून पिल्लू वेगळं काढायचं तर अंडं कुठं संपतं आणि शेंदूर कुठं सुरू होतो ते संगणकाला दाखवून द्यावं लागतं. मग शेंदराचा सगळा भाग झाकला जातो. त्या खोलीत त्याला मुखवटा घालणं म्हणत, आणि मुखवट्याखाली जे जाईल ते कचरा समजत. सीमारेषा आखण्यासाठी उज्ज्वला एकेक थर पार करत आत निघाली, आणि थरांमध्ये तिला बोटं दिसली.

वरून शेंदूर गुळगुळीत असतो. पण बोट जिथं दाबतं तिथं तेल कमी उरतं, आणि न्यूट्रॉनला तेलच दिसतं. प्रत्येक थरावर चार बोटांचे पट्टे होते, ओल्या मातीवरून हात फिरवावा तसे. गोटेबोडीत दर अमावास्येला देवाला एक थर मिळतो. १९५८ साली देवानं खोळ टाकली, म्हणजे साठलेला सगळा शेंदूर आपणहून गळून पडला, तेव्हापासून एकही अमावास्या चुकलेली नाही असं गाव अभिमानानं सांगे. उज्ज्वलानं मोजले. एक हजार सत्तावीस थर. गावाचं म्हणणं खरं होतं.

आजाचे पट्टे रुंद होते. बापाचे त्याहून थोडे अरुंद आणि खोल. आणि आतून मोजत चारशे अठ्ठावन्नाव्या थरावर हात बदलला होता.

हा हात लहान होता. पट्टे बारीक, हलके, आणि चारांतला पहिला बाकीच्यांपेक्षा अर्ध्या इंचानं आखूड. त्यानंतरच्या थरावर तसंच. पुढच्या दहाव्या, पन्नासाव्या थरावरही तसंच. पाचशे त्र्याण्णवाव्या थरानंतर बापाचा हात परत आला होता.

मध्ये एकशे छत्तीस थर. अमावास्या मोजत मागं गेलं की ते पंच्याण्णव सालच्या उन्हाळ्यापासून दोन हजार सहाच्या श्रावणापर्यंत येत होते. अकरा वर्षं.

तिच्या आईच्या उजव्या तर्जनीचं वरचं पेर नव्हतं. लग्नाआधी, माहेरी कडबा कापायच्या यंत्रात ते गेलं होतं.

उज्ज्वलानं पडदा बंद केला आणि हात धुवायला गेली. हाताला काही लागलेलं नव्हतं.

*

दोन हजार सहा साली ती नऊ वर्षांची होती. त्या श्रावणात गावात कावीळ आली आणि पंधरवड्यात तीन माणसं गेली. बायका हातपंपावर बोलत होत्या की देवाचं काहीतरी चुकलंय. उज्ज्वला बादली भरत होती. ती सहज म्हणाली, "माह्या आईच्या नखात शेंदूर हाये." तिला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. आईच्या नखात भाजीचा चीक असे, शेण असे, तसा शेंदूर होता. हातपंपाचा दांडा थांबला तेवढं तिला आठवत होतं.

थर देताना देव उघडा असतो, म्हणून त्याच्याकडे कोणी बघायचं नाही अशी गावाची रीत. सकाळी दोन माणसं पाठ करून धोतराचा पडदा धरतात आणि पडद्याआड गुरव एकटा. त्याची बायको वाटी आणि तेल द्यायला आत जाते आणि बाहेर येते. ती आत काय करते हे कोणी कधी बघितलेलं नव्हतं.

पंच बसले. बाप म्हणाला, "मले ठाऊक नाही. केलं असन तिनं एकवार." आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ येऊन तिला घेऊन गेला, आणि ती परत आली नाही. दीड वर्षानं मामाच्या घरी पोटात कळा येऊन ती गेली. त्याआधी उज्ज्वला तिला एकदा भेटली होती. आई हसली तेव्हा तिच्या दातांच्या मुळाशी, हिरड्यांवर, काजळानं ओढावी तशी निळी-काळी रेघ होती. उज्ज्वलाला तो तंबाखूच्या गुडाखूचा डाग वाटला.

बापानं तिला एकट्यानं वाढवलं. तिच्या वेण्या घातल्या, वसतिगृहात पोचवायला आला, पहिल्या पगाराचं लुगडं आणलंस तर कोणाला नेसवू म्हणून विचारून रडला. हातपंपावरच्या त्या वाक्याबद्दल त्यानं तिला कधी बोल लावला नाही. तिनंच एकदा विषय काढला तेव्हा डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "लहान होतीस." पस्तीस वर्षं ती त्या दोन शब्दांच्या आधारानं जगली होती.

*

न्यूट्रॉनचा मारा खाल्लेला दगड काही दिवस किंचित किरणोत्सारी राहतो. तो शांत होईपर्यंत गोटेदेवाला केंद्राच्या तळघरात ठेवलं होतं. तेवढ्यात एका रविवारी उज्ज्वला गावी गेली.

लहानूजी अंगणात खाटेवर बसून तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत होता. शहात्तर वर्षांचा, पण अंगठा तळहातावर जोरात फिरत होता.

"दिसलं म्हने पिल्लू."

"दिसलं."

"नर का मादी?"

"ते नाही कळत, बाबा."

"मंग एवढ्या मोठ्या मशीनचा काय उपेग," तो म्हणाला आणि स्वतःच हसला.

उज्ज्वलानं पिशवीतून कागद काढून त्याच्यापुढं खाटेवर ठेवला. करड्या रंगाचे पट्टे, एकाखाली एक.

"हे काय? नांगरलेलं वावर?"

"शेंदूर आहे. आतला. ही वरची बोटं तुमची." तिनं कागदावर बोट खाली नेलं. "आणि ही आईची."

अंगठा थांबला. खाटेखालची कोंबडी निघून अंगणाच्या टोकाला गेली तरी तो कागदाकडेच बघत होता.

"किती दिसते?"

"सगळं. एकशे छत्तीस थर."

"मी मोजले नव्हते," तो म्हणाला.

मग तो बोलला, तुटक तुटक. त्याचं मनगट पडलं होतं. हात वर उचलला की पंजा मेल्या पाखरासारखा लोंबे. व्यंगाच्या हातानं देवाला थर देता येत नाही. गावाला कळलं असतं तर गुरवकीचा मान चुलत भावाकडे गेला असता आणि मानाबरोबर देवाची दोन एकर जमीन. म्हणून तो हात उपरण्याखाली ठेवू लागला. उज्ज्वलाची आई, शेवंताच म्हणाली होती, पडद्यामागं कोण पाहते, मी देते.

"आणि हात बरा झाला तेव्हा?"

"झाला बरा. चार-सहा वर्सांत झाला. पन भ्या वाटे, पुन्हा पडन म्हनून. तिच्या हाताले सवय झाली होती."

"पंचांसमोर तुम्ही एकवार म्हणालात."

"मंग काय म्हनू? तीन मानसं मेली होती. अकरा वर्सं बाईचा हात लागला म्हनलं असतं तं आपल्याले गावात ठेवलं असतं का? एकवारचं प्रायश्चित्त असते. मले वाटलं, दोन-चार महिन्यांत थंड होईन, मंग आनू तिले."

"आणलं नाही."

"आनतो आनतो म्हनता गेली ते."

उज्ज्वलानं कागदाची घडी घातली. "मी समजत होते माझ्या बोलण्यानं ती गेली."

"लहान होतीस," तो म्हणाला.

तोच आवाज, तीच मान तिरपी करायची लकब. त्यानं हात पुढं केला. तिनं डोकं मागं घेतलं.

"बाबा, तुमचा हात बरा कसा झाला?"

"देवाची कृपा."

"शेंदरात शिसं असतं. तुम्ही लहानपणापासून उघड्या हातानं तो कालवत होता आणि त्याच हातानं खर्रा घोटून खात होता. शिसं अंगात साठलं की मनगटाची नस मरते. ते जायचं बंद झालं की हळूहळू परत उठते. तुमचं बंद झालं, कारण कालवणं आणि लावणं तिनं घेतलं. चुलीपाशी बसून कालवायची, आणि तिथंच भाकरी थापायची. तिच्या हिरड्यांवर निळी रेघ होती, ती शिशाचीच."

त्यानं तळहातावरच्या खर्र्याकडे पाहिलं. मग तळहात उपडा करून त्यानं तो जमिनीवर टाकला.

"मी हाये तोवर नको सांगू, उजू. मंग सांग. बोर्ड लाव पाहिजे तं."

ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. शेवटची बस पकडायची आहे म्हणून उठली.

*

अहवाल एकेचाळीस पानांचा झाला. पिल्लाचा मणका न् मणका त्यात होता. शेंदरावर एक ओळ होती: बाह्य आवरण, शेंदूर व तेल, जाडी नऊ ते एकतीस मिलिमीटर. ती ओळ उज्ज्वलानं स्वतः लिहिली होती, आणि ती खोटी नव्हती.

"मुखवट्याखालचा भाग तीस दिवसांनी पुसला जातो," फरीदा म्हणाली. "ठेवायचा असेल तर कारण लिहून द्यावं लागतं. आज सोळावा दिवस."

"थांब जरा."

"हे तू तिसऱ्यांदा म्हणतेयस." फरीदानं खुर्ची वळवली. "मीही बघितलीत ती बोटं. पहिलं आखूड आहे. कोणाचा हात आहे?"

"आईचा."

फरीदा उठली, दोन कप चहा घेऊन आली आणि एक उज्ज्वलापुढं ठेवला.

"गावात सांगणार?"

"वडील शहात्तरचे आहेत गं."

"ते मी विचारलं नाही."

उज्ज्वलाला वाटत होतं की दगडाच्या आत बघणं हेच तिचं काम. बघून झालं की दगड जसा होता तसा परत. ओरखडा नाही, तडा नाही. याच गोष्टीचा तिला आयुष्यभर अभिमान होता. आता रोज सकाळी ती ठरवी की आज ठरवायचं, आणि संध्याकाळी काही न ठरवता घरी जाई. आईचे तेवढेच ठसे जगात उरले होते. तिचा एकही फोटो नव्हता. मामाच्या घरी एक होता, तोही ओल लागून गेला. आणि बाप जिवंत होता, बुधवारी फोन करून जेवलीस का विचारत होता.

*

अमावास्येला सकाळी देव परत आला. ओट्याभोवती दीडशे माणसं जमली होती. लहानूजीनं धुतलेलं धोतर नेसून दगड गाडीतून उतरवला आणि छातीशी धरून ओट्यावर नेला. पन्नास पावलांची वाट, आणि त्याचा हात जराही हलला नाही. उज्ज्वला पायरीखाली थांबली.

सरपंच कुसुम मडावीनं माईक हातात घेतला. तिशीतली, ठसठशीत आवाजाची बाई. "उज्ज्वलाताईंनी सांगितल्याप्रमानं देव आनून देला. आता काय पाह्यलं ते सांगतीन. मागच्यायनी गप्प बसा, पोरायले समोर येऊ द्या."

उज्ज्वलानं पिल्लाचं चित्र मोठ्या कापडावर छापून आणलं होतं. दोन माणसांनी ते उलगडून धरलं. तिनं मणके दाखवले, कवटी दाखवली, ते पोटाशी का वाकलं आहे ते सांगितलं. पोरं चित्राला नाक लावून बघत होती. कोणीतरी म्हणालं, देवाच्या पोटात देव. कोणी हात जोडले.

"शेंदूर तं नाही ना खरवडला?" मागून एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"कपचीही नाही," उज्ज्वला म्हणाली.

देवकाबाई काठी टेकत पुढं आली. हातपंपावर त्या दिवशी दांडा तिच्याच हातात होता. तिनं उज्ज्वलाच्या गालांवरून हात फिरवून कानशिलांवर बोटं मोडली.

"तुह्या मायनं एकवार इटाळ केलता देवाले," ती मायेनं म्हणाली. "तू फेडलं, बाई. मायचं पाप पोरीनं धुतलं."

आजूबाजूच्या बायकांनी माना हलवल्या. हे त्यांना बरं वाटलं होतं, गोष्ट पुरी झाल्यासारखं.

ओट्यावर लहानूजी वाटी घेऊन बसला होता. त्यात ताजा शेंदूर कालवलेला. दोन माणसं धोतराचा पडदा घेऊन पाठमोरी उभी राहिली. आता ताई बोलून झाल्या की पडदा धरायचा आणि थर द्यायचा. लहानूजीनं देवकाबाईचं बोलणं ऐकलं होतं. तो वाटीत बघत होता.

"आनखी काही दिसलं का, ताई?" कुसुमनं माईक पुढं करत विचारलं. तिच्या आवाजात नुसतं कुतूहल होतं. "एवढ्या मोठ्या मशीनमंधी?"

नाही म्हणणं सोपं होतं. अहवालात नव्हतं, आणि दहा दिवसांनी कुठंच नसणार होतं. उज्ज्वलानं ओट्याकडे पाहिलं. बापानं मान वर केली होती. त्याचे ओठ हलले नाहीत, पण तो काय मागत होता ते तिला कळत होतं. त्यानं आयुष्यात तिच्याकडे मागितलेली ती एकच गोष्ट होती. त्याच्या उजव्या हाताची चार बोटं शेंदरात बुडालेली होती, चारही पुरी.

तिनं कुसुमच्या हातातून माईक घेतला.

"दिसलं," ती म्हणाली. "पंच्याण्णव सालापासून दोन हजार सहापर्यंत या देवाला दर अमावास्येला माझ्या आईनं थर दिला. शेवंता लहानू गुरव. एकवार नाही. एकशे छत्तीस वेळा."